यादीतला रंग आणि यादीबाहेरचा रंग

मनीषनगरच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलाच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कॅन्सर करणाऱ्या' खाद्यद्रव्यांची यादी फिरते आहे. त्यात साखरेऐवजी वापरलं जाणारं अ‍ॅस्पार्टेम आहे, तेला-बिस्किटांना खवट होऊ न देणारं बीएचए आहे, पावातलं ब्रोमेट आहे, अमेरिकेने काढून टाकलेला लाल रंग आहे. यातल्या काही गोष्टी आपल्याकडे कायद्याने चालतात. त्या विचारतात: शंका असताना सरकार हे चालू कसं देतं? आणि माझ्या वीस किलोच्या मुलाच्या खाण्यातून मी आधी काय बंद करू?

मी नागपुरात अन्नपदार्थांच्या नमुन्यांची तपासणी करण्यातच नोकरीची सगळी वर्षं घालवली. त्या अनुभवावरून सांगते. आधी बंद करा तो सुटा रंग: कापूस-मिठाईचा गडद गुलाबी, गोळ्याच्या गाडीवरच्या बिनलेबलच्या बाटल्यांतला, रस्त्यावरच्या मंचुरियनचा भडक लाल, सुट्या हळदीचा झगझगीत पिवळा. ग्रुपवरच्या यादीतली बहुतेक नावं त्यानंतर येतात. असं का म्हणते ते समजण्यासाठी कायदा कसा चालतो हे थोडं पाहावं लागेल.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. २००६ च्या कायद्याच्या कलम १९ चं म्हणणं असं की नियमावलीत परवानगी असलेलंच द्रव्य, सांगितलेल्या पदार्थात, सांगितलेल्या प्रमाणात घालता येईल. म्हणजे कायद्याकडे परवानगीची यादी आहे. जे त्या यादीत नाही ते आपोआप बंद. एखाद्या रंगाने कॅन्सर होतो हे सरकारला आधी सिद्ध करावं लागत नाही. तो सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची.

कृत्रिम रंगांपुरतं बोलायचं तर या यादीत आठ मूळ रंग आहेत: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पोन्सो ४आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्ल्यू आणि फास्ट ग्रीन. तेही सगळ्या पदार्थांत नाहीत. मिठाई, आइस्क्रीम, केक-बिस्किटं, सरबतं, गोळ्या-चॉकलेटं अशा ठरावीक पदार्थांत चालतात. हळद, तिखट, डाळी, चहा यांत एक कणही चालत नाही. मिठाईत साधारण मर्यादा शंभर पीपीएम, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. दहा किलो मिठाईला फक्त एक ग्रॅम, जेमतेम पाव चमचा. कारखान्यात काटा असतो. छोट्या कारागिराकडे बहुतेक वेळा चिमूट असते, आणि सणासुदीच्या गर्दीत ती मोठी होत जाते. आपली संत्रा बर्फी घ्या. संत्र्याच्या गराची बर्फी मुळात फिकी असते. गिऱ्हाईक मात्र केशरीच मागतं, आणि मग रंग पडतो. परवानगीचा रंग, मोजून, लेबलवर लिहून घातला तर माझी तक्रार नाही. पण 'जास्त केशरी म्हणजे जास्त संत्रं' ही गिऱ्हाइकाची समजूत भेसळीला पोसते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

प्रयोगशाळेत रंग कसा ओळखतात तेही सांगते. पदार्थाचा अर्क काढून तो किंचित आम्ल करतात आणि त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. कृत्रिम आम्लधर्मी रंग लोकरीवर पक्का चढतो. हळदीसारखे बहुतेक नैसर्गिक रंग धुतल्यावर उतरतात. धाग्यावरचा रंग पातळ अमोनियात सोडवून घेतात आणि कागदावर चढवून परवानगीच्या रंगांशेजारी लावून पाहतात. यादीतला असेल तर त्याचा ठिपका ओळखीच्या उंचीवर थांबतो, यादीबाहेरचा असेल तर भलतीकडे. ऱ्होडामाइन बी तर अतिनील दिव्याखाली स्वतःच चमकून उठतो. तो कापड आणि कागद रंगवण्याचा रंग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने कापूस-मिठाईवर बंदी घातली ती यामुळेच. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कापूस-मिठाई आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ग्रुपवर नेमका याच्यावरच गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिच्या वर्गवारीत ऱ्होडामाइन बी तिसऱ्या गटात आहे. म्हणजे माणसाला कॅन्सर होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावाच नाही. आणि अ‍ॅस्पार्टेम, जे कायद्याने चालतं, ते २-बी गटात, म्हणजे 'शक्यता आहे' अशा गटात. मग बंदी असलेला रंग परवानगी असलेल्या गोडव्यापेक्षा सुरक्षित म्हणायचा का? मुळीच नाही. अ‍ॅस्पार्टेमवर अनेक दशकं अभ्यास झाला, रोज किती चालेल याचा आकडा निघाला, शुद्धतेचे निकष ठरले. ऱ्होडामाइन खाण्यात वापरायला योग्य आहे असं कोणी दाखवलेलं नाही. त्याच्या कारखान्यात अन्नाच्या दर्जाची शुद्धता पाळायचं कारणही नाही, त्यामुळे त्यात शिसं किती, इतर अशुद्धी किती, कोण सांगणार? यादीबाहेरचा रंग म्हणजे पूर्ण अंधार आहे, आणि मुलाच्या बाबतीत मला तो अंधार शंकेपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

आयएआरसीचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. गट १ मध्ये तंबाखूही आहे आणि २०१५ पासून सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांसही. दोघांचा पुरावा पक्का, पण दोघांचा धोका सारखा नाही. मांसाचा आकडा असा की रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूची वाढ याच्या कैक पट आहे.

धोका किती, हे ठरवायचं काम दुसऱ्या समितीचं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटना यांची मिळून जेक्फा नावाची तज्ज्ञ समिती आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या मात्रेला काहीच वाईट परिणाम दिसत नाही ती मात्रा घ्यायची आणि बहुधा शंभराने भागायची. दहा पट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. जे उरतं ते आयुष्यभर रोज चालणारं प्रमाण. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने अ‍ॅस्पार्टेम २-बी मध्ये टाकलं, त्याच वेळी जेक्फाने शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम ही आधीची मर्यादा कायम ठेवली. तुमच्या मुलासाठी ती ८०० मिलिग्रॅम होते. डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज तीन-चार कॅन. लहान मुलाला डाएट कोल्ड्रिंक देण्याचं कारणच नाही, तेव्हा देऊ नका. पण कधी लग्नात दोन घोट घेतले म्हणून रात्रभर जागू नका.

बीएचए याच पद्धतीने तपासा. उंदरांच्या ज्या भागात त्याने गाठी आल्या तो त्यांच्या जठराचा पुढचा कप्पा आहे, आणि माणसाला तो कप्पाच नाही. म्हणून तो २-बी मध्ये असूनही तेलात २०० पीपीएमपर्यंत चालतो. मला व्यक्तिशः तो नको वाटतो, कारण आता दुसरे पर्याय आहेत. पण 'सरकार विष खाऊ घालतंय' असं मी त्याच्याबद्दल म्हणणार नाही.

आता अमेरिकेच्या लाल रंगाकडे. हा रेड नंबर ३, म्हणजे आपल्या यादीतला एरिथ्रोसिन. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यात डेलेनी कलम म्हणून ओळखली जाणारी तरतूद आहे: माणसाला किंवा प्राण्याला कॅन्सर करणारं द्रव्य, कितीही थोडं असो, खाण्यात चालणार नाही. प्रमाणाला त्यात जागाच नाही. ऐकायला हे आदर्श वाटतं. पण १९७७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगामुळे सॅकरिनवर बंदी यायची वेळ आली तेव्हा लोकांनी इतका गदारोळ केला की तिथल्या संसदेने बंदी थांबवून फक्त इशारा छापायला लावला, आणि पुढे उंदराच्या मूत्राशयातली ती प्रक्रिया माणसात होत नाही हे कळल्यावर २००० मध्ये तो इशाराही काढला. रेड नंबर ३ चं उलट झालं. नर उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी दिसल्या म्हणून १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून तो गेला, खाण्यात मात्र राहिला. खाण्यातली परवानगी रद्द झाली थेट जानेवारी २०२५ मध्ये, तीही कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत देऊन. ओठांना लावायला नको आणि पोटात चालतो, अशी स्थिती जवळपास पस्तीस वर्षं टिकली. आणि शेवटचा निर्णय देताना तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हेही सांगितलं की उंदरातली ती प्रक्रिया माणसात घडत नाही. कायद्याच्या शब्दांमुळे परवानगी काढावी लागते आहे.

असं असलं तरी एरिथ्रोसिन आपल्याकडूनही जावा, असं माझं मत आहे. त्याचं कारण वेगळं. जेक्फाने त्याची रोजची मर्यादा किलोमागे फक्त ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. सनसेट यलोची ४ आहे. तुमच्या मुलासाठी हिशेब करून पाहा. किलोला १०० मिलिग्रॅम सनसेट यलो असलेली बर्फी घेतली तर मर्यादा गाठायला ८०० ग्रॅम खावी लागेल. एरिथ्रोसिनची मर्यादा त्याच्यासाठी दिवसाला २ मिलिग्रॅम. समजा एखाद्या गोड पदार्थात तो किलोला ५० मिलिग्रॅम असेल, तर ४० ग्रॅममध्ये मर्यादा संपली. वाढदिवसाच्या केकवरच्या लाल चेरी आणि दोन-चार गोळ्या. एक दिवस ओलांडली म्हणून काही होत नाही, ही आयुष्यभराची सरासरी असते. पण जो रंग फक्त दिसण्यासाठी आहे, ज्याच्यावाचून पदार्थ टिकतो, शिजतो, चवीला लागतो, त्याला इतकी अरुंद जागा असताना ठेवायचाच कशाला?

यापेक्षाही पोटॅशियम ब्रोमेटची कथा मला जास्त अस्वस्थ करते. बेकरीवाले ज्याला 'इम्प्रूव्हर' म्हणतात त्यात ते असायचं. मैद्यातल्या ग्लुटेनला ते बळ देतं, पाव फुगतो, लादी मऊ आणि पांढरी येते. भट्टीत त्याचं निरुपद्रवी ब्रोमाइड व्हावं अशी अपेक्षा असते. पण प्रमाण जास्त पडलं किंवा भाजणं कमी झालं की ब्रोमेट उरतं. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या मूत्रपिंडात त्याने गाठी होतात हे दाखवलं. ब्रिटनने १९९० मध्ये ते काढलं. १९९२ मध्ये जेक्फाने ते पिठात घालणं योग्य नाही असं सांगितलं. १९९४ मध्ये कॅनडानेही बंद केलं. आपल्याकडे पावाच्या पिठात ५० पीपीएमपर्यंत ते चालूच राहिलं. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले आणि ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ब्रोमेट यादीतून काढलं. जे काम चोवीस वर्षं अडलं होतं ते बातमी आल्यावर महिन्याभरात झालं. पर्याय तेव्हाही होते: एंझाइम होते, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे साधं क-जीवनसत्त्व होतं. अडचण विज्ञानाची नव्हती.

म्हणून सरकारकडे मागायचं असेल तर हे मागा. युरोपीय संघाने २०१० मध्ये नियम करून २००९ पूर्वी परवानगी दिलेल्या सगळ्या द्रव्यांची फेरतपासणी लावली आणि त्यासाठी २०२० अखेरची मुदत ठेवली. त्यातच टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग पुन्हा तपासला गेला, २०२१ मध्ये 'आता सुरक्षित म्हणता येत नाही' असा निष्कर्ष आला आणि २०२२ मध्ये तो बंद झाला. आपल्याकडे फेरतपासणी बहुधा गदारोळानंतर होते. वास्तविक आपल्या कायद्याच्या कलम १८ मध्येच म्हटलं आहे की शास्त्रीय अनिश्चितता असली तरी हानीची शक्यता दिसल्यास तात्पुरते उपाय करता येतात. अधिकार आहे. त्याला तारीख जोडायला हवी. ज्या देशांनी एखादं द्रव्य काढलं त्या द्रव्याची आपल्याकडे अमुक महिन्यांत तपासणी होईल आणि ठेवायचं ठरलं तर कारण जाहीर होईल, एवढं जरी झालं तरी ब्रोमेटसारखी चोवीस वर्षं जाणार नाहीत.

यादी सुधारली तरी इतवारीतल्या सुट्या पुडीपर्यंत कायदा पोचायला माणूस लागतो. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो. एक विश्लेषकाकडे जातो, दोन सहायक आयुक्तांकडे राहतात, चौथा दुकानदाराने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. अहवाल चौदा दिवसांत द्यायचा असतो. त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. परवानगी नसलेला रंग सापडला तर पदार्थ नुसता कमी दर्जाचा ठरत नाही, 'असुरक्षित' ठरतो, आणि प्रकरण दंडाच्या सुनावणीऐवजी फौजदारी न्यायालयात जातं. कागदावर हे कडक आहे. पण नमुना घेतलाच नाही तर पुढचं काहीच होत नाही, आणि सुट्या मालाचे नमुने पाकीटबंद मालाइतके घेतले जावेत असं मला फार वाटतं. पाकिटावर कंपनी असते, पत्ता असतो. सुटी हळद विकणाऱ्याला माल कोणाकडून आला याची पावतीसुद्धा नसते. २००३ मध्ये युरोपात भारतातून आलेल्या तिखटात सुदान-१ हा रंग सापडला तेव्हा निर्यातीच्या मालावर तपासणी बसली. आपण घरी खातो त्या तिखटालाही तीच शिस्त मिळायला हवी.

नागपुरात बसून कॅन्सर आणि अन्नकायदा याविषयी लिहायचं आणि खर्ऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना. सुपारी एकटीच आयएआरसीच्या गट १ मध्ये आहे, तंबाखूही गट १ मध्ये. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायला नियमावलीत स्पष्ट मनाई आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये याच अन्न सुरक्षा कायद्याच्या आधारे गुटखा-पानमसाल्यावर बंदी आणली. पण ज्या कलमाखाली ती येते त्याची मुदत एका वेळी एकच वर्ष, म्हणून आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. आणि पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आजही मिळतो. तोंड उघडत नाही म्हणून येणारी विशीतली मुलं दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांना विचारा किती असतात. ग्रुपवर अ‍ॅस्पार्टेमची यादी पाठवणाऱ्यांच्या घरात कोणी खर्रा खात असेल, तर त्या घरातला सगळ्यात मोठा धोका त्या यादीत नाहीच.

आता तुमच्या घरापुरतं. हळद आणि तिखट अख्खं आणून दळून घ्या. कळमन्याच्या बाजारातली भिवापुरी मिरची घरी देठं काढून कांडपावर नेली तर रंगाचा प्रश्नच मिटतो. सुटी हळद घेतलीच तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर टाकून न ढवळता ठेवा. खरी हळद बहुतेक खाली बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर ती वापरू नका. आम्ल टाकून मेटॅनिल यलो, म्हणजे हळदीत मिसळला जाणारा यादीबाहेरचा पिवळा रंग, ओळखायची चाचणी व्हिडिओंत दाखवतात. तिला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, शिवाय शुद्ध हळदही आम्लात आधी गुलाबी होते आणि पाणी घातल्यावर ती छटा जाते; हे माहीत नसलेला माणूस चांगली हळद फेकून देतो. ती चाचणी स्वयंपाकघरात नको.

केक घेताना बेकरीवाल्याला रंगाची बाटली दाखवायला सांगा. त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव हवं. नुसतं 'केशरी' किंवा 'गुलाबी' लिहिलेली पुडी असेल तर तो केक घेऊ नका. पाकीटबंद खाऊच्या मागे १२७ आकडा दिसला की तो एरिथ्रोसिन. ११० म्हणजे सनसेट यलो, १०२ म्हणजे टार्ट्राझिन. पावावर '९२४' दिसता कामा नये, ते ब्रोमेट आहे.

आणि संशय आलाच तर तक्रार करा. कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, बिलही मागून घ्या, आणि पदार्थ नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. एवढं करणं शक्य नसेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' या एफएसएसएआयच्या तक्रार-पोर्टलवर किंवा प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी द्या: दुकानाचा पत्ता, तारीख, वेळ, पदार्थ, आणि तो कधी बनवतात. शेवटची गोष्ट लोक लिहीतच नाहीत. रंग घातला जातो त्या वेळी अधिकारी पोचला तर पुडीसकट नमुना मिळतो, आणि पुडी मिळाली की ती कुठून आली ते विचारता येतं.